रोजची भाकर

प्रार्थना फार वेळा म्हटली की तिचे शब्द गुळगुळीत होतात, तोंड एकीकडे आणि मन दुसरीकडे असते, अशी तक्रार आपण स्वतःविषयी नेहमी करीत असतो. ही तक्रार निराधार नाही. ‘आमच्या बापा’ ही प्रभूने स्वतः शिकवलेली प्रार्थनाच घ्या. एका माळेत ती सहा वेळा येते, मिस्सात एकदा येते, सकाळी उठताना येते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना येते. रोज माळ म्हणणाऱ्या घरातील माणूस साठीला पोहोचेपर्यंत ही प्रार्थना त्याच्या तोंडून लाखाहून अधिक वेळा गेलेली असते. इतक्या वेळा उच्चारलेल्या शब्दांत आता नवे काय सापडणार, असे कोणालाही वाटावे.

मला वाटते, सरावाच्या प्रार्थनेचा क्रमच उलटा असतो. पुस्तक आपण आधी समजून घेतो आणि आवडले तर पाठ करतो. प्रार्थना मात्र आईच्या मांडीवर आधी पाठ होते आणि तिचा अर्थ पुढे केव्हातरी कळतो. तो कळण्याची वेळ येईपर्यंत शब्द ओठांवर तयार असावेत, एवढेच सरावाचे काम. माझ्या बाबतीत हे ‘भाकर’ या एका शब्दाने घडले. त्या शब्दाविषयी आणि त्याला लागून येणाऱ्या वाक्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही प्रार्थना शुभवर्तमानात दोन ठिकाणी आहे : संत मत्तयच्या सहाव्या अध्यायात आणि संत लूकच्या अकराव्या अध्यायात. दोन्ही ठिकाणी भाकरीच्या मागे जे विशेषण आहे, ते मोठे विलक्षण आहे. ‘एपिऊसिओस’ हा तो ग्रीक शब्द. तिसऱ्या शतकातील ओरिजेन हा ग्रीक भाषेचा जाणकार धर्मपंडित. त्यालाही हा शब्द लोकांच्या बोलण्यात किंवा विद्वानांच्या लेखनात कुठे आढळला नव्हता. तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे त्याने लिहून ठेवले आहे. संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना त्याच शब्दासाठी लूकच्या शुभवर्तमानात ‘रोजची’ असा अर्थ घेतला, तर मत्तयच्या शुभवर्तमानात ‘सर्व द्रव्यांपलीकडची’ असा घेतला. चर्चच्या उपासनेत पहिला अर्थ रूढ झाला आणि मराठीत आपण ‘रोजची’ म्हणू लागलो. एवढ्या मोठ्या प्रार्थनेतील इतक्या साध्या मागणीचा नेमका अर्थ काय, यावर पंडितांनी शतकानुशतके विचार केला, हे वाचून मला दिलासा वाटला. आपल्यालाही तो एका दिवसात कळला नाही तर नवल नाही.

पण मी हा शब्द प्रथम ऐकला तो पंडितांकडून नव्हे, भुसावळच्या रेल्वे वसाहतीत. आमचे आईवडील तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून नोकरीच्या निमित्ताने तेथे आलेले. खानदेशात आपली कॅथॉलिक वस्ती आधीच विरळ. जळगाव, भुसावळ, धुळे येथे मूठ-मूठ घरे. त्यातही भुसावळची मंडळी रेल्वेने गोळा केलेली : गोव्याची, मंगळूरची, तमिळ मुलखातील, काही अँग्लो-इंडियन आणि आमच्यासारखी नगरकडची. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि खानदेश त्यात आला. त्याआधी आमचे बिशप पुण्यास असत. एवढ्या लांबच्या पसाऱ्यात घराघरांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे संध्याकाळची माळ. ती सर्वजण एकत्र म्हणत, परंतु ज्याची त्याची भाषा सुटत नसे. मे महिन्यात पवित्र मरिया मातेची मूर्ती घरोघर फिरे आणि ज्या घरी मूर्ती असेल तेथे सर्वजण जमत. भाकरीच्या वाक्यापाशी आले की एकाच खोलीत कोणी इंग्रजीत ‘ब्रेड’ म्हणे, कोणी हिंदीत ‘आहार’ म्हणे, गोव्याकडील मंडळी कोंकणीत ‘गिरास’ म्हणत आणि आमच्या घरची माणसे ‘भाकर’ म्हणत. गिरास म्हणजे ग्रास, आपला घास. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली राशोल येथे छापले गेले, म्हणजे या प्रार्थना आपल्या भाषांत उतरवण्याचे काम चारशे वर्षांपासून चालू आहे. ज्या मुलखात जे ताटात पडते, त्याचेच नाव प्रार्थनेत आले.

खानदेशात ताटात पडते ती भाकर. येथील अहिराणी बोलणारा शेतकरी ‘भाकरी’ म्हणत नाही, ‘भाकर’च म्हणतो. त्यामुळे प्रार्थनेतील हा शब्द मला कधीच ग्रंथातील शब्द वाटला नाही. तो काठवटीतील आणि तव्यावरील शब्द होता. रब्बीच्या दादर ज्वारीची पांढरी भाकर, बाजरीची भाकर, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकर. ज्याने ज्वारीची भाकर थापली आहे त्याला तिचा एक गुण ठाऊक असतो. गव्हाची कणीक चार दिवस डब्यात राहिली तरी पोळी लाटता येते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, भाकर थापताना कडा फुटतात आणि तव्यावर टाकण्याआधीच ती हातात तुटते. मग आधणाचे पाणी घालून कशीबशी मोट बांधावी लागते. म्हणून आमच्या घरी दळण थोडे-थोडेच गिरणीवर जाई. भाकरीची बेगमी करता येत नाही. ती रोजच करावी लागते.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातील इस्राएली लोकांना मान्ना मिळाला तोही असाच. ज्याने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्याच्या मान्नात किडे पडले. आई भाकरी थापता-थापता ही गोष्ट आम्हांला सांगे आणि म्हणे, “देवाच्या घरचं पीठसुद्धा ज्वारीचंच असेल गं.” प्रभूने ‘वर्षाची भाकर दे’ असे मागायला का शिकवले नाही, याचे एवढे सोपे उत्तर मला पुढे कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

‘आज’ हा शब्द मला असा समजला. ‘आमची’ हा शब्द समजायला १९७४ चा मे महिना यावा लागला.

त्या वर्षी ८ मे रोजी देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि तो वीस दिवस चालला. भुसावळ हे मोठे जंक्शन. गावातील कितीतरी चुली रेल्वेच्या पगारावर पेटणाऱ्या. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तरुणपणी बंगळूरच्या सेमिनरीत शिकत होते, ही गोष्ट आमच्या वसाहतीत काही घरांत अभिमानाने आणि काही घरांत खेदाने सांगितली जाई. बाबा लोको शेडमध्ये फिटर होते. ते संपात उतरले. शेजारच्या क्वार्टरमधील अंकल गार्ड होते, मूळचे गोव्यातील बार्देशचे. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते. ते कामावर गेले. दर रविवारी एकाच रांगेत बसून मिस्सा ऐकणारी ही दोन माणसे त्या आठवड्यापासून एकमेकांशी बोलेनाशी झाली. संपकऱ्यांची धरपकड चालू होती. बाबा रात्री घरी झोपत नसत. संध्याकाळी चुकूनमाकून येत, जेवत आणि जात. संपात असलेल्या माणसाला कामावर गेलेल्या शेजाऱ्याविषयी काय वाटते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको.

दुसऱ्या आठवड्यात घरातील ज्वारी संपली. आदल्या दोन वर्षांच्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले होते आणि धान्याचे भाव अजून उतरले नव्हते. आईने कोणाला काही सांगितले नव्हते. एके दुपारी शेजारच्या आंटी पदराखाली डबा घेऊन मागच्या दाराने आल्या. डब्यात ज्वारी होती. “बाय, हें उसने म्हणून ठेव,” त्या आपल्या कोंकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “जून लागला काय परत दी.” आईने डबा घेतला.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. ताटातील भाकर पाहून त्यांनी विचारले, “ज्वारी कुठून आणली?”

“शेजारून उसनी आणली,” आई म्हणाली.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्यांच्या घरी भाकर केव्हापासून खातात?”

प्रश्न रास्त होता. त्या घरी भात शिजे, पाव येई, सणाला सान्ना होत. भाकर कधी होत नसे. म्हणजे ती ज्वारी त्यांच्या डब्यातील नव्हती. आम्हांला उसनी देण्यासाठी ती बाजारातून मुद्दाम विकत आणलेली होती. आईने उत्तर दिले नाही. “अहो, आधी जेवा,” एवढेच ती म्हणाली. बाबा जेवले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मूर्ती आमच्या घरी येण्याची पाळी होती. ती आधी शेजारच्या घरी होती, आणि रिवाज असा की, ज्या घरी मूर्ती असेल त्या घरच्या कर्त्या पुरुषाने ती पुढच्या घरी पोहोचवावी. अंकल येतील की मुलाच्या हाती पाठवतील, याची आईला दिवसभर काळजी लागून राहिली होती. अंकल स्वतः आले. मूर्ती दोन्ही हातांनी धरली होती आणि ती घ्यायलाही दोन्ही हातच लागतात. बाबांनी ती त्यांच्या हातांतून घेतली आणि टेबलावर ठेवली. कोणी काही बोलले नाही. सगळे गुडघे टेकून बसले आणि माळ सुरू झाली.

मी बाबांच्या मागेच बसले होते. पहिल्या ‘आमच्या बापा’ला बाबांचा आवाज भाकरीच्या वाक्यापर्यंत नेहमीसारखा आला आणि तेथे थांबला. पुढचे, क्षमेचे वाक्य त्यांनी म्हटले नाही. ते बाकीच्यांनी म्हटले. मग शेवटच्या वाक्याला बाबांचा आवाज पुन्हा आला. माळेत सहाही वेळा असेच झाले. खोली दहा बाय बाराची. अंकलनीही ते ऐकले असणार. बाबा चिडून गप्प राहिले असे मला तेव्हा वाटले. आता वाटते, ते वाक्य खोटे म्हणायचे नाही, असे त्यांनी ठरवले असावे. ‘आम्ही क्षमा करतो तशी तू कर’ असे देवापुढे म्हणायचे, तर क्षमा आधी झालेली असावी लागते. ती झाली नव्हती. ज्या प्रार्थनेतील एक वाक्य माणसाला जड जाते, ती प्रार्थना त्याने ऐकली आहे, एवढे निश्चित.

पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी ही प्रार्थना मुलांना समजावून देताना मला दोन गोष्टी आढळल्या. एक म्हणजे, भाकरीचे वाक्य आणि क्षमेचे वाक्य यांच्यामध्ये ‘आणि’ आहे. आधीच्या मागण्या एकापुढे एक उभ्या आहेत : नाव, राज्य, इच्छा. भाकर आणि क्षमा मात्र प्रभूने एकत्र बांधल्या आहेत. दुसरी गोष्ट अशी की, मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात तेथे ‘अपराध’ नाही, ‘ऋण’ आहे. लूकमध्ये ‘पाप’ आहे, आणि त्यानेही ‘आमचे देणे लागणारे’ असा उल्लेख ठेवला आहे. म्हणजे हे वाक्य मुळात देण्याघेण्याच्या, उसनवारीच्या भाषेतील आहे. उसन्या ज्वारीची भाकर खाऊन बाबा त्या वाक्यापाशी अडले होते. देणे त्यांच्याकडे होते आणि राग त्यांना होता. एकाच माणसाचे आपण ऋणीही असतो आणि त्याच्याविषयी मनात अढीही असते, ही परिस्थिती प्रभूला ठाऊक असली पाहिजे. नाहीतर ही दोन वाक्ये त्याने इतकी जवळ ठेवली नसती.

जूनमध्ये संपानंतरचा पहिला पगार झाला. आईने डबा घासून-पुसून परत नेला. त्यात तिने ज्वारी घातली नव्हती, शिगोशीग तांदूळ भरले होते. ज्वारीचे त्या घरी काय करणार होते? आंटींनी डबा उघडून पाहिला, हसल्या आणि ठेवून घेतला. ‘कशाला आणलेस’ असे त्या म्हणाल्या नाहीत. उसने परत घेण्यातही देणाऱ्याचे मोठेपण असते, हे मी त्या दिवशी पाहिले. दोन वर्षांनी अंकल निवृत्त होऊन गोव्याला निघाले तेव्हा बाबांनी रजा टाकून त्यांच्या ट्रंका फलाटावर वाहिल्या. संपाविषयी ते दोघे शेवटपर्यंत बोलले नाहीत. क्षमेचे वाक्य बाबांच्या तोंडी पुन्हा आले होते. ते कोणत्या दिवशी आले, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात नाही. क्षमा बहुधा अशीच येते. ती घोषणा करून येत नाही; रोज म्हणता-म्हणता एके दिवशी वाक्य पूर्ण होते.

तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी या प्रार्थनेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी आहे, पण ती सुटता सुटत नाही. या प्रार्थनेत आपण ‘माझा बाप’ म्हणत नाही आणि ‘माझी भाकर मला दे’ असेही मागत नाही. एकट्याने खोलीचे दार लावून म्हटली तरी ही प्रार्थना अनेकवचनातच राहते.

याचा प्रत्यय मला धुळ्यात, उतारवयात पुन्हा आला. २०२० साली २५ मार्चपासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. देवळे, मशिदी, चर्च सर्व बंद. योगायोग असा की, त्याच २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस यांनी जगातील सर्व ख्रिस्ती लोकांना रोमच्या दुपारी बारा वाजता ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकाच वेळी म्हणावी, असे सांगितले होते. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. मी घरी एकटीनेच ती म्हटली. ‘आमची’ या शब्दाला खोलीत दुसरा आवाज नव्हता, तरी तो शब्द बदलता येत नव्हता.

मग मे महिना आला आणि मुंबई–आग्रा महामार्गावरून मजुरांचे तांडे धुळ्यावरून शिरपूरकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेकडे पायी जाऊ लागले. खानदेशातील मे महिन्याचे ऊन येथील माणसाला सांगायला नको. आमच्या गल्लीतील बायकांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून रस्त्यावर न्यायला सुरुवात केली. त्यांत सर्व जातिधर्मांच्या होत्या. भाकर वाटेत दुसऱ्या वेळेपर्यंत टिकते, म्हणून भाकरच. एका दुपारी डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल असलेल्या एका बाईला मी आठ-दहा भाकरी देऊ लागले. तिने आपली माणसे मोजली आणि चारच घेतल्या. “आज के लिए इतना बस है,” ती म्हणाली, “पीछे और लोग आ रहे हैं, उनको देना।” आणि ती चालू लागली.

तिला आपली प्रार्थना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पण ‘आज’ आणि ‘आमची’ हे दोन्ही शब्द तिने आचरून दाखवले होते. निर्गमच्या त्याच अध्यायात लिहिले आहे की, लोकांनी मान्ना मापून पाहिला तेव्हा ज्याने पुष्कळ गोळा केला होता त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडा गोळा केला होता त्याला कमी पडले नाही. हे गणित मला शाळेत असल्यापासून अवघड वाटे. त्या दुपारी महामार्गाच्या कडेला ते सुटले.

मिस्सात ही प्रार्थना कोठे येते, तेही पाहण्यासारखे आहे. ती ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या थोडीच आधी येते. आधी आपण भाकर मागतो, क्षमेचे वाक्य म्हणतो, मग एकमेकांना शांती देतो आणि त्यानंतर वेदीजवळ जातो. संत जेरोमने एकाच शब्दाचे दोन अर्थ का घेतले, हे येथे थोडेसे उमगते. ताटातील भाकर आणि वेदीवरील भाकर यांच्यामधल्या वाटेवर शेजारी उभा असतो. त्याला टाळून पुढे जाण्याची सोय प्रभूने ठेवलेली नाही.

आता रात्री माळ घेऊन बसले की मी ‘भाकर’ या शब्दापाशी क्षणभर थांबते. आज माझ्या ताटात जे आले ते कोणाकोणाच्या हातांतून आले, ती नावे मनात आणते : शेतात राबणारा, गिरणीवाला, दूध आणणारा मुलगा, सून, शेजारीण. मग ‘आणि’ येतो. आज कोणाविषयी मन कडू आहे, तीही नावे आणते. पुष्कळदा एखादे नाव दोन्हीकडे असते. तेथे अडखळायला होते आणि पुढचे वाक्य म्हणायला थोडा वेळ लागतो. लागू द्यावा. प्रार्थना जुनी आहे, ती थांबते.